वाळूचा डबा

४ मार्च

वाफ मोजली म्हणे! वाफ!

उभा जन्म माझा बॉयलर आणि भट्ट्यांची उष्णता मोजण्यात गेला, आणि माझीच मुलगी मला येऊन सांगते, "बाबा, भांड्यातलं पाणी किती कमी झालं ते बघितलं, आणि तेवढ्याची वाफ झाली असं धरलं." धरलं! अगं, मोजमापात धरायचं नसतं, मोजायचं असतं. उकळत्या भांड्यातून वाफेबरोबर पाण्याचे थेंबही उडतात. ते न उकळताच बाहेर पडतात. त्यांनाही वाफेच्या हिशेबात घातलं की कुठलंही भांडं जादूचं ठरतं. आपल्या ओट्यावरचा कुकरसुद्धा!

बोललो तसं. जरा मोठ्यांदाच. ही आतून म्हणाली, "अहो, खालपर्यंत ऐकू जातंय." जाऊ दे.

बाईसाहेब त्याला रिअॅक्टर म्हणतात. मी डबा म्हणतो. जाड स्टीलचा, कुकरएवढा. आत कसलीशी धातूची भुकटी आणि थोडा वायू कोंडलेला, बाहेरून विजेची कॉइल. म्हणणं असं, की जेवढी वीज आत घालावी त्यापेक्षा जास्त उष्णता बाहेर येते. फुकटात! किती वर्षं चाललंय हे. भाड्याची शेड, तात्पुरत्या शिकवण्या, आणि हा डबा.

जेवलो नाही धड. उगाच ओरडलो.

५ मार्च

सकाळी ती चहा घेऊन समोर बसली. वाटलं, आता रुसवा. पण नाही. "बाबा, तुम्हीच मोजा. तुमच्यासारखा किटकिट्या माणूस मला शोधून सापडायचा नाही." हिला हसू आवरेना. कौतुक होतं की टोमणा, देव जाणे.

मग मुद्द्याचं बोलली. कॉलेजात कायमची जागा निघालीय. प्राचार्यबाईंना हिचं काम माहीत आहे, त्या हिलाच घ्यायला तयार आहेत, पण होकार की नकार ते महिनाअखेरीच्या आत कळवायचं. "तुम्ही शून्य म्हणालात, तर डबा बंद आणि नोकरी घेतली. जास्त आली म्हणालात, तर नोकरीचं नाव काढायचं नाही. तुम्हीही नाही, आईनेही नाही." हात पुढे केला तिने. लहानपणी पैज लावायची तशी.

दिला हात.

ही मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "अहो, मोजा एकदाचं आणि सोडवा पोरीला त्यातून." सोडवतोच. इथे लपवायचं कुणापासून? शून्यच येणार, आणि शून्यच यावं. पोरगी वाळून काटकी झालीय. दुपारचं जेवण म्हणजे बिस्किटाचा पुडा. शेडमध्ये उन्हाळ्यात भाजते, हिवाळ्यात गारठते, आणि तिच्या बरोबरीच्या मुली आता हाताखाली चार-चार माणसं बाळगून आहेत. तिची हुशारी एका डब्यात कोंडून पडलेली मला बघवत नाही. बस्स. हे एवढंच.

पण मोजणार ते चोख मोजणार. त्यात बाप-बीप काही नाही.

७ मार्च

मागच्या खोलीत संसार मांडलाय. न्हाणीघराला लागून आहे म्हणून तीच बरी, नळ हाताशी.

पद्धत साधी. डबा एका मोठ्या बंद भांड्यात ठेवायचा, डब्याचं झाकण तेवढं वर, बाहेर. त्या भांड्यातून नळाचं पाणी एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. आत येताना किती गार, बाहेर जाताना किती गरम, आणि मिनिटाला किती पाणी गेलं. तीन आकडे! गुणाकार केला की उष्णता. वाफ नाही, थेंब नाहीत, धरलं-बिरलं नाही.

नळवाल्याला बोलावलं. सगळ्या नळ्या, वळणं, चाव्या बघून म्हणाला, "साहेब, एवढं करून पाणी परत बादलीतच पडणार का?" हो म्हटलं. "मग सरळच बादली भरायची की!" गेला बिचारा मान हलवत.

८ मार्च

पाण्याने नाकी नऊ आणले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी नळ सोडला की आमच्याकडची धार बारीक. त्यांनी बंद केला की जाड. मिनिटाला किती पाणी गेलं ते कसं सांगू, कपाळ! वर जाऊन विनंती केली, की कपडे धुण्याची वेळ जरा ठरवून घ्या. "का हो, पाणी कमी येतं का?" नाही, म्हटलं, कमी-जास्त येतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट खाली आलो.

शेवटी माळ्यावर पिंप चढवलं. पाणी आधी पिंपात, पिंपातून सारख्या उंचीने खाली. आता धार सरळ. घरातल्या सगळ्या बादल्या माझ्याकडे जमा. ही न्हाणीघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आम्ही आंघोळ कशात करायची? तुमच्या गुणाकारात?"

९ मार्च

डबे आले. एक नव्हे, दोन.

हे मात्र तिचं शहाणपण. एकात भुकटी, दुसऱ्यात नुसती वाळू. बाकी कॉइल तीच, स्टील तेच, वजनही ग्रॅमपर्यंत जुळवून आणलंय. झाकणं वेल्डिंग करून बंद. एकाला लाल रंग फासलेला, एकाला हिरवा.

"कुठला खरा?" विचारलं.

"लाल," म्हणाली. "हिरव्यात वाळू."

शाब्बास म्हणालो. वाळूचा डबा हवाच. त्यात जेवढी वीज घालू तेवढीच उष्णता यायला पाहिजे, तोळाभरही इकडेतिकडे नाही. आली, तर माझी मांडणी बरोबर. नाही आली, तर फरक मांडणीचा. वाळू काही खोटं बोलत नाही.

ती खुश झाल्यासारखी वाटली. मीही झालो. किती दिवसांनी आम्ही दोघं एका खोलीत न भांडता उभे होतो.

११ मार्च

पहिला हिरवा लावला. वाळूचा. चार तास पाणी वाहू दिलं, सगळं स्थिर झाल्यावर आकडे घेतले.

जास्त! शेकडा चार जास्त! वाळूतून!

डोकंच फिरलं. परत घेतले. तेच. ती दारात उभी होती. हळूच म्हणाली, "वाळूतून जास्त येतेय का, बाबा?" चिडून म्हणालो, वाळूतून काय डोंबल येणार! माझ्या मांडणीत कुठेतरी खोट आहे, शोधतो.

ती तशीच बाहेर गेली.

१२ मार्च

थर्मामीटर. दोन्ही काढून बर्फाच्या पाण्यात एकत्र बुडवले. एक वेळ सख्खे भाऊ भांडतील, पण हे दोघे एकमेकांशी तंतोतंत जुळतात. मग उकळत्या पाण्यात घातले. तिथेही तेच.

म्हणजे ते नाही.

१३ मार्च

खिडकीतून येणारी झुळूक असेल म्हणून खिडकी कागद लावून बंद केली. खोलीत मी आणि डबा, दोघेही शिजतोय. आकडा तसूभर हलला नाही.

मग विजेचा मीटर बदलला. विजेच्या दुकानदाराकडून चांगला मागून आणला. त्याला सांगितलं, उद्या परत देतो. म्हणाला, "काका, बिल जास्त आलंय का?" ज्याला त्याला बिलच दिसतं!

तोच आकडा. शेकडा चार.

१४ मार्च

ढवळणी! भांड्यातलं पाणी सारखं राहावं म्हणून छोटी पंख्याची ढवळणी ठेवलीय. ती फिरते म्हणजे तीही थोडी उष्णता घालतेच की. युरेका म्हणून ओरडणार होतो. नुसती ढवळणी चालवून मोजली. चिमूटभर. चाराच्या जवळपासही नाही.

ही म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. जिथे शोधायचं तिथे सोडून भलतीकडेच शोधताय बहुतेक." मग सांग ना कुठे, म्हटलं. "मला काय कळतंय? पण इतकी वर्षं चष्मा शोधताना तुम्हाला बघतेय."

रागाने चहाच प्यायलो नाही. नंतर प्यायलो.

१५ मार्च

बादली! तीच गळकी असणार असं वाटलं. नाही. मग बादली ज्यावर तोलतो तो काटा? काट्यावर हिचे तांदूळ, डाळी, साखरेचे पुडे सगळे ठेवून बघितले. काटा चोख. उलट वाण्याकडची साखरच कमी भरते, हा शोध लागला.

दिवसभर कन्यारत्न कोपऱ्यात स्टुलावर बसून होतं. हातात पुस्तक, पण पान काही उलटत नव्हतं. मध्येच म्हणाली, "बाबा, तुम्ही फार कसून शोधताय."

शोधणारच! वाळू जास्त उष्णता देते असं कागदावर आलं तर मला कुणी दारात उभं करील का? ती हसली. गोड हसली अगदी. मला वाटलं, माझी फजिती बघून खुश होतेय. असो.

१७ मार्च, रविवार

आज काही केलं नाही. हात लावला नाही. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

दुपारी प्राचार्यबाईंचा फोन. मुलीसाठीच, पण उचलला मी. फार अदबीने बोलल्या. "तिच्यासारखी शिकवणारी मिळत नाही हो. एकदा हो म्हणू दे." मी काय सांगणार! म्हटलं, लवकरच कळवेल. फोन ठेवला आणि मागच्या खोलीच्या दाराकडे बघत बसलो. खुर्चीवर बसून, पंख्याखाली, पगार घेऊन शिकवेल. मुलं तिला मॅडम म्हणतील. आजारी पडली तर रजा मिळेल. एवढंसुद्धा मागू नये का बापाने?

१८ मार्च

ठरवलं. शोधणं पुरे. चार म्हणजे चार. ही माझ्या मांडणीची सवय म्हणायची. प्रत्येक तराजूला सवय असते. वाळूच्या डब्यावरून ती कळली, आता ती सगळ्या आकड्यांतून वजा करायची. जगभर असंच करतात. त्यासाठीच तर वाळूचा डबा ठेवतात!

तिला समजावून सांगितलं. "म्हणजे हिरव्याचं शून्य झालं?" म्हणाली.

झालं, म्हटलं. आता उद्या तुझा लाल. बघू काय दिवे लावतो.

१९ मार्च

हद्द झाली आता!

लाल लावला. चार वजा केले, तर आकडा शून्याच्याही खाली! घातली त्यापेक्षा कमी उष्णता! तिला म्हणालो, "अभिनंदन, तुझं यंत्र उष्णता देत नाही, खातं! बर्फाचा कारखाना काढ!" मी खो खो हसलो. एकटाच.

नंतर माझंच हसू विरलं. कमी का यावी? झाकणापाशी हात लावून बघितला. गरम लागलं. म्हणजे तिथून उष्णता पळतेय. हिरव्यातून पळत नव्हती, लालमधून पळतेय. लालचं झाकण नीट बसलं नसावं. ती म्हणाली, "दोन्ही झाकणं एकाच माणसाने एकाच दिवशी बसवलीत, बाबा." मग काय झालं? माणूस सकाळी एक असतो, दुपारी एक.

२० मार्च

झाकणावर लोकर गुंडाळली. जुनी शाल हिने कधीची काढून ठेवली होती, तीही गुंडाळली. लाल डबा आजारी म्हाताऱ्यासारखा दिसतोय. थोडं सुधारलं. तूट अजून आहे.

डोकेदुखी.

२१ मार्च

सापडलं! बाहेर जाणाऱ्या पाण्याचा थर्मामीटर जरा जास्तच बाहेर होता. तिथे येईपर्यंत पाणी निवत असणार. बोटभर आत सरकवला, भांड्याच्या अंगाजवळ. बरोब्बर शून्य! वरही नाही, खालीही नाही. परत घेतला. शून्य. तिसऱ्यांदा घेणार होतो, पण मग म्हटलं, कशाला? शून्य म्हणजे शून्य.

पाठ मोकळी झाल्यासारखी वाटली. खुर्चीत बसलो आणि पहिल्यांदा गरम चहा गरम असताना प्यायलो.

ही आली, डब्याकडे बघितलं, शालीकडे बघितलं. "झालं?" झालं, म्हटलं. "मग ती गच्चीवर का जाऊन बसलीय?"

२२ मार्च

सांगितलं तिला. नीट, शांतपणे, आवाज न चढवता. वाफेची चूक होती. नीट मोजलं की काही उरत नाही. तू प्रयत्न केलास, कुणी नावं ठेवणार नाही. माझी सही हवी असेल तर सहीसुद्धा करून देतो.

"करा," म्हणाली.

कागदावर लिहून दिलं. लाल डबा: जादा उष्णता नाही. खाली सही, तारीख. एवढी वर्षं! पण तिच्या भल्याचंच आहे. लिहिलं पूर्ण.

ती कागद वाचत उभी राहिली. एका ओळीला एवढा वेळ! मग म्हणाली, "वाळूच्या डब्यात जास्त आली तेव्हा तुम्ही आठवडाभर शोधत होतात. लालमध्ये शून्य आलं तेव्हा किती शोधलंत?"

शून्य शोधायचं कशाला, म्हटलं. मिळालंच की ते!

"हो," म्हणाली. कागद घडी करून ठेवला. रडली नाही, भांडली नाही. हिला वाटतंय मुलीने मनावर घेतलंय. घेणारच. दोन दिवस जातील. सोमवारी प्राचार्यबाईंना फोन करेल, की गाडी रुळावर.

रात्री तिघांनी एकत्र जेवण केलं. मी दोनदा भात घेतला. किती दिवसांनी मला भूक लागली होती!

२३ मार्च

नळ्या काढायला घेतल्या. ती म्हणाली, "राहू द्या अजून." राहू दिल्या. बादल्या मात्र हिने नेल्या.

२४ मार्च, रविवार

वाळू लाल डब्यात होती.

हिरवा खरा. मुद्दाम उलटं सांगितलं होतं तिने मला. सकाळी, चहाच्या वेळी, आईसमोर सांगितलं. "तुम्हाला शून्यच हवं होतं, बाबा. मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. म्हणून म्हटलं, कुठला खरा ते तुम्हाला कळूच नये. मग तुम्ही बरोबर मोजाल."

लबाडी नाही गं केली मी, म्हणालो. देवाशपथ नाही केली.

"माहीत आहे," म्हणाली. "म्हणून तर." ओरडली असती तर बरं झालं असतं. "ते चार खरे असतील, नसतीलही. मला माहीत नाही. पण तुम्हालाही माहीत नाही, आणि तुम्ही सही केलीत."

प्राचार्यबाईंना तिने नकार कळवलाय. शाल सोडवून, घडी घालून हिच्या हातात दिली. दोन्ही डबे गाडीत घातले. मी दारापर्यंत गेलो. म्हटलं, पुन्हा मोजतो, पहिल्यापासून, तू काही सांगू नकोस, मी काही विचारणार नाही.

मोजायला मी दुसरं कोणीतरी शोधते, म्हणाली.